एक मूठ मागे

परवा दोडका चिरायला घेतला. सोलाण्याने एकेक शीर काढत गेले आणि ओट्यावर हिरव्या दोऱ्यांचा एक लहानसा गुंता झाला. सवयीने तो उचलून ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे वळले आणि हात मध्येच थांबला. कितीतरी वर्षं मी या शिरा टाकत आले आहे. परवाच हात का अडला, सांगता येत नाही. कदाचित दोडका फार कोवळा होता आणि शिरांना तो कच्चा, पावसाळी वास होता, त्यामुळे असेल.

लोणंदच्या आमच्या घरात दोडक्याच्या शिरा कधी टाकल्या गेल्या नाहीत. भाजी सकाळी व्हायची आणि शिरा ताटलीत झाकून ठेवलेल्या असायच्या. दुपारी घर निजलं की आई लोखंडी तवा ठेवायची. थेंबभर तेल आणि त्यात बारीक कातरलेल्या शिरा. त्या आधी मऊ पडत, मग आकसत, मग कडांना तांबूस होऊन उलथन्याखाली वाळक्या पानांसारख्या वाजायला लागत. वाजल्या की झाल्या. त्याच तव्यावर तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, चार लसणाच्या पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या. मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचं. अगदी पूड करायची नाही, शीर दाताखाली यायला हवी. संध्याकाळी गरम भाकरीवर ही चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार. दोडक्याची भाजी आम्हा भावंडांना नकोशी वाटायची, पण त्या वाटीभर चटणीसाठी भांडणं होत. पुढे पुढे तर मला वाटायचं, आई भाजीसाठी दोडका आणतच नाही, शिरांसाठी आणते.

आईच्या स्वयंपाकघरात वस्तू अशा एकदम संपत नसत. संपायच्या आधी त्या दोन-तीन वेळा वेगळ्या होऊन यायच्या. दुधावरची साय रोज एका पातेलीत जमा व्हायची, आठवड्याने तिला विरजण लागायचं, मग घुसळण. लोणी निघालं की ताकाची कढी. लोणी कढवलं की तूप, आणि तूप गाळून घेतलं की पातेल्याच्या तळाशी राहिलेली तपकिरी बेरी. तिच्यावर थोडा गूळ टाकून आम्ही ती चमच्याने खरवडून खायचो. त्यानंतरही ते पातेलं मोरीत जात नसे. आई त्यात कणीक मळायची, म्हणजे कडांना राहिलेला तुपाचा ओशटपणा पोळ्यांना लागायचा. रात्रीची पोळी उरली तर सकाळी कुस्करून फोडणीची, भात उरला तर फोडणीचा, आणि दोन्ही थोडं थोडं उरलं तर सगळं मिळून थालीपीठ. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं अळूला. आमचा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस डोंगरापलीकडे कोसळून जातो आणि आमच्यापर्यंत येईतो ढग हलके झालेले असतात. पाणी दोनदा वापरायचं हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही.

गॅस आला तेव्हा तिने त्याच्याशीही असंच नातं जोडलं. टाकी लावली की त्या दिवशी कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायचं, ‘गॅस लावला’. १४.२ किलोची ती टाकी किती दिवस पुरली, ते पुढच्या ‘गॅस लावला’पर्यंत बोट ठेवून मोजायचं. मागच्यापेक्षा दोन दिवस जास्त निघाले तर तिचा चेहरा खुलायचा. डाळ अर्धा तास आधी भिजत घातलेली असायची. कुकरमध्ये खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा लाल भोपळा, एका आचेवर तिन्ही. पहिली शिटी झाली की ती लगबगीने येऊन गॅस बारीक करायची. त्याचं कारण मला पुढे विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं. कुकरमधलं पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास पोचलं की त्याहून ते तापत नाही. त्यानंतर मोठी आच ठेवली तर ती सगळी शिटीतून वाफ होऊन जाते, अन्न काही लवकर शिजत नाही. आईने हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. शिट्यांचा आवाज आणि कालनिर्णयवरच्या तारखा, एवढ्यावरून तिने ते ओळखलं होतं.

अण्णा, आमचे वडील, शाळामास्तर. त्यांची काटकसर कागदांत होती. एप्रिलअखेर निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सतरंजी पडायची आणि आम्हा तिघांच्या सगळ्या वह्या त्यावर यायच्या. ज्यांची पानं कोरी उरली आहेत त्या सोडवायच्या. पिना चाकूच्या टोकाने उचकटायच्या, पानं वेगळी करायची, एकरेघी एकीकडे, दुरेघी एकीकडे, चौकड्यांची तिसरीकडे. मग अण्णा दाभण घ्यायचे. दोऱ्याला मेणबत्तीवरून दोनदा ओढून मेण लावायचं. पानांच्या मधोमध पाच भोकं, दोरा आतून बाहेर, बाहेरून आत, आणि शेवटी पाठीवर एक घट्ट गाठ. वर जुन्या कॅलेंडरचा जाड कागद पाठ बाहेर करून. त्या वहीची पानं एकसारखी कधी नसायची. एक पांढरं, पुढचं पिवळसर, मधलं जरासं निळं. उलटताना बोटांना प्रत्येक पान वेगळं लागायचं. शाळेत दाखवायच्या वह्या नव्या यायच्या, पण गणितं सोडवायला, शुद्धलेखनाला आणि चोरून कविता लिहायला हीच. पहिल्या पानावर ‘श्री’ काढताना मला नव्या वहीपेक्षा तिच्यात जास्त मोकळं वाटायचं. नव्या वहीत चुकण्याची भीती असायची. ही आधीच कोणाची तरी होऊन आलेली होती.

आणि पाठकोरे कागद. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे. परीक्षेच्या सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, जाहिराती, सगळ्यांची पाठ अण्णांना दिसायची. दुधाचा हिशेब, किराण्याची यादी, आम्हाला बाहेरगावी लिहायच्या पत्रांचा कच्चा मसुदा पाठकोऱ्यावर. ‘पाठकोरा’ हा शब्द आता कानावर येत नाही. मला तो फार आवडतो. वस्तूकडे एकदा पाहून झालं, तिचं काम झालं असं वाटलं, तरी तिची एक बाजू अजून कोरी असू शकते, हे तो एकाच शब्दात सांगतो.

साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी लिहून ठेवलेली एक आठवण अण्णा वर्गात सांगत. १९१५ सालचं मुंबईचं काँग्रेस अधिवेशन. गांधीजी काहीतरी शोधत होते. कालेलकरांनी विचारलं, तर कळलं की एक पेन्सिल हरवली आहे, अगदी आखूड झालेली, बोटभरसुद्धा नसलेली. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण ती त्यांना नको होती. तीच हवी होती. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने ती प्रेमाने दिलेली होती. दोघांनी मिळून शोधली तेव्हा कुठे ती सापडली. ही गोष्ट ऐकताना वर्गातल्या आम्हा मुलांना पेन्सिलीच्या किमतीचं नवल वाटायचं. अण्णा मात्र त्या मुलाबद्दलच बोलत राहायचे. त्याने दिली, म्हणून ती टाकायची नाही. वस्तूमागे माणूस दिसला की ती टाकवत नाही, असं काहीतरी त्यांना सांगायचं असावं. आम्हाला तेव्हा तेवढं कळलं नाही. आम्ही फक्त पेन्सिलींना टोपणं लावून त्या शेवटपर्यंत वापरायला लागलो.

कापडाचं आयुष्य याहून लांब. आजीचं लुगडं नऊवारी. ते मध्ये विरलं की मधला जीर्ण भाग कापून काढायचा आणि दोन्ही धड तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं नेसून आजी देवळात जायची, लग्नालाही जायची. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तेही फाटलं की काठ निघायचे आणि कोणाच्या तरी परकराला लागायचे. मऊ झालेल्या मधल्या कापडाची बाळांसाठी दुपटी व्हायची. माझा जन्म झाला तेव्हा मला ज्या दुपट्यात गुंडाळलं, ते आजीच्या लुगड्याचं होतं, असं आई सांगायची. दुपटी संपली की उरलेसुरले तुकडे वाकळीच्या पोटात. मग पायपुसणं, मग पोतेरं. धड राहिलेल्या साड्या-शर्टांवर बोहारीण स्टीलचं पातेलं देऊन जायची आणि तिच्याशी तासभर घासाघीस चालायची, त्यात भांड्याच्या बुडाला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणं आलंच.

वाकळीचं काम थंडी यायच्या आधी निघायचं. ओसरीवर जुनी साडी अंथरायची, तिच्यावर तुकड्यांचे थर, वर पुन्हा साडी. चारी कोपऱ्यांवर वजनं. शेजारच्या दोघी काकू येत आणि तिघी तीन बाजूंनी धावदोरा घालत कडेकडून आत सरकत. एका रेषेपासून दुसरी बोटभर अंतरावर. माझं काम सुयांमध्ये दोरा ओवून देण्याचं. आई दहा-बारा सुया एकदम पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, “घे गं, तुझे डोळे कोवळे आहेत.” मी दोरा ओठांत ओला करून एका झटक्यात ओवायची आणि ओवलेल्या सुया ओळीने उशीला टोचून ठेवायची. मला त्याचा केवढा अभिमान होता.

त्या सुयांची गोष्ट पुढे वेगळ्याच तऱ्हेने समोर आली. मी कॉलेजसाठी पुण्याला आले आणि पहिल्या दिवाळीत घरी गेले, तर आईच्या शिवणाच्या डब्यात नुसत्याच सुया पडलेल्या, एकातही दोरा नाही. वाकळ अर्धी पडून होती. तिला ओवता येत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढून तीन-साडेतीन वर्षं झाली होती. पोथी ती हात लांब करून वाचायची, ती आम्हाला तिची लकब वाटायची. नवा चष्मा तिने करून घेतला नव्हता. “आहे ना एक,” एवढंच म्हणाली. आणि त्याच तीन वर्षांत माझ्या फीचे, भावाच्या सायकलचे, धाकटीच्या दातांच्या तारेचे पैसे वेळच्या वेळी निघाले होते.

कसर म्हणजे उणीव. पण कपड्यांना, पुस्तकांना लागते तीही कसरच, आतून खाणारी, दिसायला कणभर. काटकसरीची अशी एक कसर आमच्या घरांतल्या बायकांना लागलेली असे. वस्तूचा शेवटचा कण वापरता वापरता त्या स्वतःच्या वाटणीलाही हात घालत. खालची करपलेली पोळी स्वतःच्या ताटात, दूध कमी पडलं तर स्वतःचा चहा कोरा, औषधाची बाटली अर्ध्यावर बंद. हे कोणी त्यांच्यावर लादत नसे असं म्हणता येईल, पण कोणी थांबवतही नसे. मीही थांबवलं नाही. मी सुया ओवत बसले. शिरांच्या चटणीचं आणि सायीच्या तुपाचं कौतुक करताना मला हा भाग गाळून पुढे जाता येत नाही. वस्तू जपणं निराळं आणि स्वतःला झिजवणं निराळं. आई या दोन्हींना एकच नाव द्यायची. मी देणार नाही. त्याच दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन साताऱ्याला गेले आणि चष्मा केला. परतीच्या एसटीत ती खिडकीतून रस्त्याकडेच्या पाट्या मोठ्याने वाचत आली.

आमचे एक मामा होते. ते आले की आईचा हा सगळा उद्योग बघून म्हणत, “ताई, दात कोरून पोट भरत नाही.” खरंच आहे ते. वाटीभर चटणीने आणि शिवलेल्या चार वह्यांनी कोणाचं घर उभं राहत नाही. पैसे खरे वाचतात ते दुसरीकडे, आणि ते बऱ्याचदा दिसतही नाहीत. साठ वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिटं खातो. तेवढाच उजेड देणारा नऊ वॉटचा एलईडी तेवढ्याच वेळात दीड युनिटसुद्धा घेत नाही. एकदा बल्ब बदलला की पुन्हा त्याच्याकडे बघावंही लागत नाही. मेमध्ये वर्षाचे गहू एकदम घेऊन, वाळवून, एरंडेलाचा हात फिरवून भरून ठेवले की दर महिन्याच्या भावाची चिंता उरत नाही. लोणंद तर कांद्याच्या बाजाराचं गाव. उन्हाळ्यात कांदा स्वस्त असताना घेऊन, हवेशीर पसरून, आठवड्याला एकदा निवडून सडका बाहेर काढला की पावसाळ्यापर्यंत पुरायचा. गव्हा-कांद्याचं हे सगळं आई करतच होती. पण तिचा जीव अडकलेला असायचा तो लहान गोष्टींत. शिरांत, बेरीत, गॅस बारीक करण्यात. मामांना त्यातला पैसा दिसायचा, आणि तो खरोखरच थोडा होता.

अण्णांनी एकदा मामांना उत्तर दिलेलं आठवतं. त्यांनी पैसा फंडाची गोष्ट काढली. टिळकांच्या काळात अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागत. स्वदेशी उद्योगांसाठी. एका पैशाने कोणाचं काय अडणार आणि एका पैशाने काय होणार, असंच लोकांना वाटलं असेल. पण त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एवढं सांगून अण्णा थांबले. मामा म्हणाले, “ते पैसे लोकांनी दुसऱ्यासाठी दिले. ताई घरातच वाचवते.” अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कोठीच्या दाराकडे पाहिलं. आईही तिकडेच पाहत होती.

कोठीत तो डबा होता. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, वरचा पत्रा कापून त्याला कडीचं झाकण बसवून घेतलेला. आई रोज भाताचे तांदूळ मोजायची, माणशी एक वाटी असं काही नाही, डोळ्यांच्या मापाने. तांदूळ सुपात आले की त्यातली एक मूठ उचलायची आणि त्या डब्यात टाकायची. एक मूठ मागे. भात कमी पडला असं कधी झालं नाही. एका मुठीने पडतच नाही. मी अलीकडे काट्यावर घालून पाहिलं, माझ्या मुठीत चाळीसएक ग्रॅम तांदूळ मावतात. वर्षाचे साडेचौदा किलो. डबा जवळजवळ भरतो. आईने असा हिशेब कधी केला नसेल. कडुलिंबाचा वाळलेला पाला थराथरात घालत तिने वर्षानुवर्षं तो डबा भरला.

एका वर्षी पगार रखडला. एक महिना, मग दुसरा. उधारीची वही भरत आली होती आणि अण्णा दुकानासमोरून जायचे टाळत होते. एका सकाळी रोजच्या डब्यात तांदूळ नव्हते. मी कोठीत गेले, चौकोनी डब्याचं झाकण उघडलं आणि आईला हाक मारून म्हणाले, “हा तर पाऊण भरलाय!” आई आली, झाकण लावलं, कडी घातली. “ते आपले नाहीत,” म्हणाली, आणि वाटी माझ्या हातात देऊन मला शेजारच्या काकूंकडे उसने तांदूळ आणायला धाडलं. मला संताप आला होता. आपल्याच घरातले, आपल्याच वाटणीतून मागे ठेवलेले तांदूळ आपले कसे नाहीत? उसनी वाटी घेऊन येताना मी ती मुद्दाम उघडी धरली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून.

ज्येष्ठ संपून आषाढ लागायच्या सुमारास माउलींची पालखी नीरा ओलांडते आणि लोणंदला येऊन विसावते. आमचं गाव त्या दिवसांत गाव राहत नाही. शाळा, देवळं, ओसऱ्या, बाजाराच्या शेड, जिथे कोरडी जागा तिथे दिंडी. चिखलाची पावलं, तुळशीवृंदावनं, ओल्या धोतरांचा वास, रात्रभर कुठून ना कुठून टाळ. आमच्या आळीत दरवर्षी एक दिंडी उतरायची. त्या वर्षीही उतरली. सकाळी आईने चौकोनी डबा स्वतः उचलून अंगणात आणला. सूप मांडलं, पाला बाजूला काढला, तांदूळ निवडले. एका काकूंनी तूरडाळ आणली होती, दुसऱ्यांनी ज्वारीचं पीठ, तिसऱ्या घरातून कांद्याची पाटी आली. मला तेव्हा दिसलं, सगळ्यांच्या कोठ्यांत असे डबे होते. मोठ्या हंड्यात ते वर्षभराचे तांदूळ पडले. पालखी ते पालखी. त्यात पाहुणे आले त्या दिवसाची मूठ होती, माझ्या तापाच्या दिवसाची होती, पगार न झालेल्या दोन महिन्यांतलीही प्रत्येक दिवसाची होती. भात शिजला तेव्हा त्यातली कुठली मूठ कुठल्या दिवसाची, हे आईलाही सांगता आलं नसतं.

पंगतीत मी वाढत होते. एक म्हातारे वारकरी, पायांना चिंध्या बांधलेल्या. मी दुसऱ्यांदा भात घेऊन गेले तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, “पुरे माउली. मागच्याला राहू दे.” मी मागे पाहिलं. पंगतीत त्यांच्यामागे कोणी नव्हतं. मागच्या गावाहून कोणी मागे राहिलेलं, भिजत येणारं, त्यांच्या मनात असावं. त्या दिवशी मला आईचं ‘ते आपले नाहीत’ जरासं उमगलं.

तेव्हापासून मला वाटतं, आपल्याकडे काटकसर आणि कंजूषपणा यांच्यात जो फरक केला जातो, तो पैशाच्या आकड्याचा नाही. कंजूष माणूसही मूठ मागे ठेवतो, पण त्याची मूठ झाकलेलीच राहते. आईची कधीतरी उघडायची. आमच्याकडे पाहुण्यांच्या चहात दूध कधी कमी पडलं नाही. गावातल्या एका मुलीच्या परीक्षेची फी आमच्या घरातून गेली, ती कशातून गेली हे आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही. अण्णांच्या आवडत्या गोष्टींत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची एक होती. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. ती सांगताना अण्णांचा आवाज दर वेळी भरून यायचा आणि आई तेवढ्यापुरती आत निघून जायची. एवढं मोठं करण्याची ताकद प्रत्येकीत नसते. पण रोजची एक मूठ मागे ठेवायला जमलेला हात आणि वेळ आल्यावर दागिना उतरवणारा हात, हे एकमेकांचे कोणी तरी लागत असावेत.

आता पुण्यात माझं स्वयंपाकघर वेगळं आहे. वस्तू दारात येतात, दहा मिनिटांत येतात, आणि येताना स्वतःहून मोठी खोकी घेऊन येतात. मी खोकी घडी घालून ठेवते, दोऱ्या गुंडाळून ठेवते, प्रिंटरचे पाठकोरे कागद एका फाइलमध्ये जमवते. घरातल्यांना तो पसारा वाटतो, आणि काही प्रमाणात तो आहेही. वापरायच्या आशेवर साठवलेलं आणि न वापरलेलं, तेही वायाच गेलेलं असतं. म्हणून आता दिवाळीच्या आधी मी बसते आणि त्यातलं जे खरंच लागेल तेवढंच ठेवते. पाठकोऱ्यांची वही शिवायला घेतली की दाभण अजून हाताला सरावाचं वाटतं. सुईत दोरा मात्र चष्मा लावूनही दोन-तीनदा चुकतो. नंबर वाढला आहे. पुढच्या आठवड्यात दाखवून यायचं आहे, कालनिर्णयवर लिहून ठेवलं आहे.

परवाच्या शिरांची चटणी केली. मुलीने बोट लावून चाटलं आणि विचारलं, कशाची आहे. सांगितल्यावर ती ओट्याजवळ येऊन वाटीत पाहत राहिली, आणि मग तिने भाकरीऐवजी पावाला लावून खाल्ली. तीळ जरा जास्त भाजले गेले होते. आईसारखी जमली नाही, पण शिरा वाजल्या होत्या.

आणि तांदळाचा एक डबा मीही ठेवला आहे. पंधरा किलोचा नाही, लहान. पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते, तेव्हा नाना-भवानी पेठेच्या बाजूला जाऊन एखाद्या दिंडीला देऊन येते. हातात भरून नेण्याएवढाच. आमच्या घरी भात रोज होत नाही. कधी पोळीवर भागतं, कधी बाहेरून येतं, कधी नुसता विसर पडतो. डबा सावकाश भरतो. आईच्या डब्यात एका दिवसाचाही खाडा नसे. माझ्यात किती खाडे आहेत, ते डब्याकडे पाहून कळतं.

काल भात होता आणि मूठ काढायची राहून गेली. आज आठवलं. तांदूळ धुवायच्या आधी थांबले, एक मूठ टाकली, आणि झाकण लावता लावता आणखी एक.